लिच, व्हॅम्पायर की समंध? खलनायकाचं सर्वात भारी रूप कोणतं, आणि त्याचं उत्तर हिट पॉइंटमध्ये का सापडत नाही

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन २०२२ मध्ये आला आणि त्यातला व्हेक्ना बघून अनेकांनी पहिल्यांदा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव मोबाइलवर शोधलं. त्या मालिकेतली मुलं आपल्या शत्रूला जे नाव देतात, ते याच खेळातल्या एका खलनायकाचं आहे. २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम गाजला, तोही याच खेळाच्या नियमांवर उभा आहे. आता मीरा रोड, भाईंदर, बोरिवली, वसई या पट्ट्यातही कुणाच्या तरी हॉलमध्ये रविवारी दुपारी चार-पाच जण फासे घेऊन बसलेले दिसतात.

अशा प्रत्येक गटात एक वाद ठरलेला असतो. शेवटच्या लढाईत खलनायकाला कशात बदलायचं? लिच, व्हॅम्पायर, डेथ नाइट की सरळ ड्रॅगन? सगळ्यात ताकदवान रूप कोणतं?

या लेखात आपण आकड्यांसकट तुलना करू. पण माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आकडे बघून निवडलेला खलनायक चार-पाच राउंडमध्ये संपतो. लक्षात राहतो तो खलनायक, ज्यानं ते रूप स्वतः निवडलं, ज्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली आणि ज्याचा कच्चा दुवा खेळाडूंना शोधून काढता येतो.

हा खेळ नेमका काय आहे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते. यात बोर्ड असलाच पाहिजे असं नाही. एक जण 'डंजन मास्टर' म्हणजे डीएम होतो. तो जग, गावं, राक्षस आणि खलनायक सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. कुणी काही अवघड करायला गेलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला आला तर जमलं, नाही आला तर फजिती.

पात्राची जीवनशक्ती 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. राक्षस किती कठीण, हे 'चॅलेंज रेटिंग' सांगतं. आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा. इथले सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. २०२५ मध्ये राक्षसांचं नवं पुस्तक आलं आणि त्यात बरेच आकडे बदलले, पण अनेक गट अजून जुन्याच पुस्तकावर खेळतात.

स्पर्धेत कोण कोण?

लिच: अमर होण्यासाठी स्वतःला जिवंत सांगाड्यात बदलणारा महाजादूगार. रेटिंग २१, हिट पॉइंट १३५. व्हेक्ना हा मूळ खेळात लिचच आहे.

डेथ नाइट: धर्मासाठी लढण्याची शपथ घेतलेला, ती मोडून प्रायश्चित्त न घेता मेलेला योद्धा. रेटिंग १७, हिट पॉइंट १८०.

व्हॅम्पायर: रेटिंग १३, हिट पॉइंट १४४. दर राउंडला २० पॉइंट आपोआप भरून येतात.

वेअरवुल्फ: चावल्यामुळे लांडगा होणारा माणूस. रेटिंग फक्त ३, हिट पॉइंट ५८. चांदीचं किंवा जादूचं नसलेलं साधं शस्त्र त्याला लागतच नाही.

ड्रॅगन झालेला जादूगार: 'शेपचेंज' हा नवव्या पातळीचा मंत्र वापरून रूप बदलणारा. सतराव्या लेव्हलचा जादूगार यातून प्रौढ लाल ड्रॅगन होऊ शकतो. हिट पॉइंट २५६.

नुसती यादी बघितली तर ड्रॅगन जिंकला असं वाटेल. आता जरा गणित करू.

आकडे काय सांगतात?

समजा, चार खेळाडूंचा गट दर राउंडला मिळून ६० हिट पॉइंटचं नुकसान करतो. चुकलेले वार, चिलखत, जादूपासूनचं संरक्षण हे सगळं बाजूला ठेवू.

लिचचे १३५ पॉइंट तिसऱ्या राउंडला संपतात. डेथ नाइटचे १८० बरोबर तिसऱ्या राउंडला संपतात. व्हॅम्पायरचे १४४ सुद्धा तीन राउंडचेच, पण दर वेळी २० भरून येत असल्यामुळे तो चौथ्या राउंडपर्यंत टिकतो. ड्रॅगनचे २५६ पाचव्या राउंडला संपतात.

म्हणजे सर्वात मोठ्या आणि सर्वात छोट्या आकड्यात फरक किती? दोन राउंड. खेळात एक राउंड सहा सेकंदांचा मानतात. सहा महिने दर रविवारी जमून तुम्ही ज्याची वाट पाहिली, तो महाराक्षस खेळातल्या वेळेनुसार अर्ध्या मिनिटात आडवा.

आणखी एक गंमत बघा. रेटिंग २१ असलेल्या लिचचे हिट पॉइंट रेटिंग १३ असलेल्या व्हॅम्पायरपेक्षा कमी आहेत. तरीही पुस्तक लिचला जास्त धोकादायक ठरवतं. काही प्रमाणात ते त्याच्या मंत्रांमुळे आहे. पण लिचचा खरा त्रास लढाई संपल्यावर सुरू होतो.

ड्रॅगनचं रूप त्यामानानं कच्चं आहे. 'शेपचेंज' टिकवायला एकाग्रता लागते. अंगावर वार बसला की एकाग्रता टिकते का हे बघायला फासा टाकावा लागतो. फासा फसला की ड्रॅगन गायब आणि समोर झग्यातला म्हातारा जादूगार. खऱ्या ड्रॅगनला दुसऱ्यांच्या पाळीनंतर ज्या खास चाली मिळतात, त्याही या रूपात मिळत नाहीत. तमाशा मोठा आहे, पण त्या रूपानं जादूगाराचं काहीही हिरावून घेतलेलं नाही. तासाभरानं तो पुन्हा होता तसा. म्हणून खेळाडूंनाही त्याचं फार काही वाटत नाही.

पोपटात जीव, म्हणजेच लिच

लिच मेला की काय होतं? त्यानं आपला आत्मा एका पेटीत किंवा वस्तूत दडवून ठेवलेला असतो. ती वस्तू शाबूत असेल तर एक ते दहा दिवसांत त्याला नवं शरीर मिळतं. दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच, म्हणजे आठवडा व्हायच्या आत साहेब परत हजर.

मराठी वाचकाला हे नवं नाही. सात समुद्रांपलीकडच्या झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, ही गोष्ट आजीकडून न ऐकलेला माणूस विरळा. राक्षसाला तलवारीनं कितीही मारा, तो मरत नाही. पोपटाची मान पिरगळली की मरतो.

ही कल्पना जगभर टिकली, कारण ती प्रश्नच बदलून टाकते. 'याला किती जोरात मारायचं?' याऐवजी 'याचा जीव कशात आहे?' हा प्रश्न पुढे येतो. पहिल्याचं उत्तर फासा देतो. दुसऱ्याचं खेळाडूंना शोधावं लागतं: लोकांशी बोलून, जुने कागद चाळून, खलनायकाला सर्वात प्रिय काय आहे ते ओळखून. जादूगाराचा मंत्र आणि योद्ध्याची तलवार इथे सारखीच निरुपयोगी. कधी कधी गप्प बसणारा चौथा खेळाडूच नेमका धागा पकडतो.

व्हॅम्पायरलाही असे दुवे आहेत. ऊन, वाहतं पाणी, छातीत खुंटा. बोलावल्याशिवाय तो कुणाच्या घरात शिरू शकत नाही. आपल्या सोसायटीत वॉचमनच्या अ‍ॅपवर फ्लॅटमधून मंजुरी मिळाल्याशिवाय तो लिफ्टपर्यंतही पोहोचणार नाही. हरला तर धुकं होऊन पळतो, पण दोन तासांत आपल्या शवपेटीपर्यंत पोहोचला नाही तर कायमचा संपतो. पाठलागासाठी याहून चांगली सोय नाही. अडचण एवढीच की हे दुवे सिनेमांमुळे सगळ्यांना आधीच पाठ आहेत. शोधायला काही उरत नाही.

किंमत कोणी मोजली?

लिच व्हायचं तर एकदा विधी करून भागत नाही. पुस्तकानुसार त्या पेटीला वेळोवेळी दुसऱ्यांचे आत्मे खाऊ घालावे लागतात. थांबला तर लिच झिजत जातो. म्हणजे त्याच्या अमरत्वाचा हप्ता गावकरी भरत असतात. डीएमनं ही एक गोष्ट नीट दाखवली, एका घरातला रिकामा पाट, एका आईचा न थांबणारा शोध, की खलनायकाला लांबलचक भाषण द्यायची गरज राहत नाही.

डेथ नाइट यापेक्षा वेगळा. त्याचं एक अस्त्र आहे, आगीचा आणि मृत्यूशक्तीचा गोळा. वीस फासे, सरासरी नुकसान ७०. दहाव्या लेव्हलच्या साधारण जादूगाराकडे ६२ हिट पॉइंट असतात. बचावाचा फासा चुकला तर तो एका फटक्यात आडवा. पण हे अस्त्र विसरलं जातं. लक्षात राहतो तो त्याचा शाप. त्याला मारलं तरी तो पुन्हा उठू शकतो. केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घडलं तरच सुटका.

आपल्याकडे अश्वत्थामा आहेच. झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीच्या मुलांना मारणारा, कपाळावरचा मणी गमावलेला, भळभळती जखम घेऊन भटकणारा. त्याच्याकडे किती बळ होतं हे कुणी विचारत नाही. त्यानं काय केलं हे सगळे सांगतात. डेथ नाइट चालवायचा असेल तर पुस्तकातल्या अस्त्रांच्या यादीआधी अश्वत्थामा आठवा.

निवड की नशीब?

इथे मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. वरच्या यादीतला वेअरवुल्फ बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. त्यानं काही निवडलेलं नाही. रात्री रस्त्यानं जाताना चावा बसला, झालं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये डोक्यात अळी शिरते आणि माणसाचा माइंड फ्लेअर होण्याची भीती असते, तेही तसंच. असं रूपांतर खेळाडूंच्या पात्रांवर आलं तर उत्तम कथा होते: आता आपलं काय होणार? पण शेवटचा खलनायक म्हणून ते लंगडं पडतं. ज्याचा दोष नाही, त्याला मारून जिंकल्यासारखं काय वाटणार?

मराठी भुतं खेळात आणताना हा फरक जास्तच जपायला हवा. 'मुंज्या' हा सिनेमा २०२४ मध्ये चालला, तेव्हापासून आपल्या भुतांना मागणी आहे. चांगलंच आहे. पण यादी काढून बघा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजेआधी मेलेला मुलगा. हडळ म्हणजे, बऱ्याच ठिकाणी सांगतात तसं, बाळंतपणात मेलेली बाई. एक अकाली गेलेलं पोर, एक वेळेवर मदत न मिळालेली स्त्री. समाजानं त्यांना वाचवलं नाही आणि नंतर त्यांचीच भीती घातली.

आपल्या राज्यात ही भीती पुस्तकापुरती राहिलेली नाही. भानामती, करणी, चेटूक यांच्या संशयावरून माणसांना छळलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. खेळ हा खेळच असतो आणि टेबलावरची हडळ कुणाला चावत नाही. पण दर वेळी बाळंतपणात मेलेल्या बाईलाच राक्षसीण करायचं की तिला त्या अवस्थेत सोडून गेलेल्या माणसाला, हे डीएमच्या हातात असतं. मला दुसरा पर्याय कथा म्हणूनही सरस वाटतो.

'तुंबाड'नं २०१८ मध्ये हेच केलं. (सिनेमा बघायचा राहिला असेल तर हा परिच्छेद सोडा.) हस्तर भयंकर आहे, पण तो भुकेला आहे आणि त्याचा कच्चा दुवा पीठ आहे, कारण अन्नच त्याला नाकारलं गेलं. दुवा त्याच्या कहाणीतूनच निघतो. शापित आजी राक्षसी दिसते, पण ती बळी आहे. खरा खलनायक विनायक, जो सगळं माहीत असून पुन्हा पुन्हा विहिरीत उतरतो. शेवटी त्याचं शरीर बदलतं, तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसत नाही. आतून तो कधीच बदललेला असतो.

'राक्षस' त्यांच्या पुस्तकातला आणि आपला

या खेळात 'राक्षस' नावाचा प्राणीही आहे. वाघाचं डोकं, उलटे तळवे, अंगावर उंची कपडे. रेटिंग १३, हिट पॉइंट ११०, आणि सहाव्या पातळीपर्यंतची जादू त्याच्या मर्जीशिवाय लागत नाही. तो १९७० च्या दशकातच खेळात आला. १९७७ च्या पुस्तकात मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. हा बाण ना रामायणात आहे ना पुराणात. एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या भागावरून तो आल्याचं सांगितलं जातं.

यावर चिडण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट निसटली, ती सांगायला हवी. आपल्या कथांमध्ये राक्षस असणं हा जन्म आहे आणि जन्मावरून बाजू ठरत नाही. बिभीषण राक्षसच होता. त्यानं बाजू निवडली. खेळाच्या कंपनीनंही २०२० मध्ये ऑर्क आणि ड्राऊ यांना जन्मजात दुष्ट दाखवणं बदलायचं जाहीर केलं. तिथवर पोहोचायला त्यांना ४६ वर्षं लागली. आपल्या घरच्या गोष्टीत ते आधीपासून होतं.

मग आकड्यांना किंमतच नाही का?

आहे. हा आक्षेप रास्त आहे. खलनायकाची कहाणी कितीही जबरदस्त असली आणि तो पहिल्याच राउंडला मेला, तर टेबलावर हशा पिकतो. चार खेळाडूंना चार पाळ्या मिळतात, खलनायकाला एक. म्हणूनच २०१४ च्या पुस्तकात लिच आणि व्हॅम्पायरला दुसऱ्यांच्या पाळीनंतर तीन जादा चाली आणि दिवसातून तीनदा फसलेला बचाव यशस्वी ठरवण्याची सोय आहे. डेथ नाइटला या दोन्ही नाहीत, त्यामुळे त्याच्यासोबत दोन-चार शिपाई लागतातच.

आकडे खलनायकाला वेळ मिळवून देतात. तेवढ्या वेळात तो काय बोलतो, कुणाकडे बघतो, काय वाचवायला धावतो, हे मात्र आकड्यांत लिहिलेलं नसतं. शेवटच्या विरार लोकलची घाई असलेल्या गटाला तर तीन तासांची लढाई परवडतही नाही.

करून बघा: मिठागरातला समंध

एक काल्पनिक नमुना देतो. भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरं डोळ्यांसमोर आणा. तिथला एक जुना मालक. मजुरांची मजुरी वर्षानुवर्षं दाबून ठेवली. मरताना वारस नाही, पण पैशावरचा जीव सुटेना. लोकसमजुतीत असा माणूस समंध होतो आणि आपल्या ठेव्यावर पहारा देतो. आपल्या गोष्टीत त्यानं हे जाणूनबुजून केलं. मीठ, रक्त आणि हिशेबाची वही घेऊन त्यानं विधी केला.

आकडे नव्यानं बनवू नका. पुस्तकातला 'ममी लॉर्ड' उचला: रेटिंग १५, हिट पॉइंट ९७. त्याचं हृदय शाबूत असेल तर मेल्यावर २४ तासांत तो परत उठतो. त्या हृदयाला २५ हिट पॉइंट असतात आणि आगीशिवाय कशानंही इजा होत नाही. आता हृदयाच्या जागी ती वही ठेवा. नियम एका अक्षरानंही बदलावा लागत नाही, कारण कागद जळतोच.

इथे खेळाडूंसमोर खरा पेच उभा राहतो. वही जाळली तर समंध कायमचा संपतो, पण कुणाची किती मजुरी बाकी होती याचा एकमेव पुरावाही जळतो. मजुरांची नातवंडं आजही गावात आहेत. डीएमनं दुसरा रस्ताही मोकळा ठेवावा: वहीतली एकेक बाकी वारसांना चुकती करायची, प्रत्येक नावागणिक समंध कमजोर होत जाईल. हा रस्ता लांबचा, आणि दर रात्री तो पुन्हा उठणार. जाळायचं की फेडायचं? यावर टेबलावर अर्धा तास भांडण झालं नाही तर नवल.

माझा क्रम

तुलना केली आहे तर निकालही देतो. पहिला लिच: निवड त्याची, किंमत दुसऱ्यांची, दुवा शोधण्यासारखा. दुसरा डेथ नाइट, कारण त्याला हरवण्याचा खरा मार्ग तलवारीतून जात नाही. तिसरा व्हॅम्पायर, दुवे सगळ्यांना पाठ असल्यामुळे थोडा मागे. चौथा वेअरवुल्फ, खलनायकापेक्षा खेळाडूच्या पात्रासाठी योग्य. पाचवा आणि शेवटचा, सर्वात जास्त हिट पॉइंटवाला ड्रॅगन.

तुम्ही डीएम असाल, तर पुढच्या रविवारी पुस्तक उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. खलनायकानं हे रूप का स्वीकारलं? त्याची किंमत रोज कोण मोजतंय? आणि ही दोन उत्तरं कळलेल्या खेळाडूला त्याचा जीव कशात आहे हे ओळखता येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर राक्षस बदलू नका. पहिली दोन उत्तरं पुन्हा लिहा.